वऱ्हाडावरची छत्री

मामांनी प्रूफ परत पाठवलं तेव्हा त्यावर लाल पेनाच्या एकसष्ट खुणा होत्या. मी मोजल्या. एकही खूण घाईत केलेली नव्हती. चुकलेल्या अक्षराभोवती बारीक गोल, आणि समासात तेच अक्षर त्यांच्या वळणदार हातानं पुन्हा लिहून दाखवलेलं. आयुष्यभर मुलांच्या वह्यांत दाखवत आले, अगदी तसंच.

मामा अकोट तालुक्यात शिक्षक होते. नोकरीत असल्यापासून त्यांना वऱ्हाडी शब्द टिपून ठेवायची सवय. शब्दासमोर अर्थ, आणि अर्थाखाली ज्याच्या तोंडून तो ऐकला त्याचं वाक्य जसंच्या तसं. पऱ्हाटी, गोऱ्हा, कुऱ्हाड, गाऱ्हाणं. शेतातले, चुलीपुढचे, भांडणातले शब्द. आम्ही भाच्यांनी ठरवलं की त्या वह्यांचं छोटं पुस्तक करायचं, घरच्यांपुरतं आणि गावच्या वाचनालयापुरतं. अक्षरजुळणीचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात कॉम्प्युटरवाला मी.

प्रूफ हातात पडलं त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला. "बापू, पुस्तक झ्याक दिसते. पन मले एक सांग, आपल्या वऱ्हाडावर हे छत्री कोनं उघडली?"

छत्री म्हणजे रफार. 'वऱ्हाड'चं 'वर्हाड' झालं होतं, 'पऱ्हाटी'चं 'पर्हाटी', 'कुऱ्हाडी'ची 'कुर्हाड'. सगळीकडे नव्हे, हे जास्त त्रासदायक होतं. एकाच पानावर वरचा शब्द बरोबर आणि चार ओळींखाली तोच शब्द छत्री घेऊन उभा.

मराठीत हा फरक शोभेचा नाही. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यास नमस्कार करायचा असतो, आचाऱ्यास पंगतीचा अंदाज विचारायचा असतो. रफार आला की आधीच्या अक्षरावर आघात येतो. अर्ध्या ऱ मध्ये जीभ नुसती घसरून पुढे जाते. 'वर्हाड' असं मोठ्यानं म्हणून बघा, शब्द मधेच अडखळतो. हिंदीला हा आडव्या पापणीसारखा अर्धा ऱ लागतच नाही, त्यामुळे 'देवनागरी चालते' एवढ्या भरवशावर आमचं भागत नाही. आणि ज्या पुस्तकाच्या नावातच वऱ्हाड आहे, त्यात हे अक्षर चुकवून चालणार तरी कसं?

माझा पहिला संशय हार्फबझवर गेला.

हे नाव पुष्कळांनी ऐकलेलं नसेल, पण तुम्ही हा लेख स्क्रीनवर वाचत असाल तर बहुधा याच क्षणी ती लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड, तुमच्यासाठी राबते आहे. कॉम्प्युटरच्या फाइलीत 'वऱ्हाड' हा शब्द चित्र म्हणून नसतो. तिथे सहा आकडे असतात: व, ऱ, हलन्ताचं चिन्ह, ह, काना, ड. दुसऱ्या बाजूला फाँट असतो, म्हणजे आकारांची पेटी. या आकड्यांतून त्या पेटीतला कोणता तुकडा उचलायचा, कोणाच्या डोक्यावर काय ठेवायचं, कोणाला अर्धं करायचं, हे ठरवणारा कारागीर मधे लागतो. 'ति' घ्या. फाइलीत आधी त आणि मग ऱ्हस्व वेलांटी, कारण आपण उच्चारतो तसं साठवायचं असा दंडक. पण कागदावर वेलांटी आधी येते. ती कोणीतरी उचलून पुढे नेऊन ठेवतं. दरवेळी, प्रत्येक 'ति'साठी, क्षणार्धात.

ते काम हार्फबझ करते. क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस, अँड्रॉइड फोन, झीलाटेकसारखी अक्षरजुळणीची साधनं, सगळ्यांच्या पोटात तीच आहे. तिची आजची घडण मुख्यतः बेहदाद इस्फहबोद या मूळच्या इराणी प्रोग्रामरची. नाव फारसी. हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडं. 'ओपनटाइप' या फाँटच्या तंत्राचं त्यांनी केलेलं ते भाषांतर. आपल्या जुन्या मराठीतला 'हरफ' तो हाच. इराणात जन्मलेला एक माणूस देवनागरीतला रफार कुठे बसतो हे शिकून घेतो आणि जगातल्या सगळ्यांसाठी लिहून ठेवतो, ही गोष्ट मला अजूनही भारावून टाकते.

माझ्या मशीनवर उबुंटू या लिनक्स सिस्टिमची २०१८ सालची आवृत्ती होती आणि तिच्यासोबत आलेली हार्फबझही तेव्हाचीच. जुनी आहे, हिलाच अर्धा ऱ जमत नसणार, असं मी ठरवून टाकलं. नवी आवृत्ती तयार पॅकेज म्हणून त्या उबुंटूला मिळत नव्हती. मग सोर्स, म्हणजे माणसांनी लिहिलेला मूळ कोड, उतरवून घेतला आणि त्यातून चालणारी लायब्ररी स्वतः बनवायला, म्हणजे बिल्ड करायला, बसलो.

तयार पॅकेज घेणं आणि सोर्समधून बिल्ड करणं यात नेमका काय फरक आहे, हे मला इतकी वर्षं कॉम्प्युटरवर काम करूनही त्या रात्री कळलं. पहिलीच अडचण अशी: बिल्डची तयारी करणारं मेसन नावाचं साधन माझ्याकडे होतं, पण ते इतकं जुनं की हार्फबझनं त्याला दारातूनच परत पाठवलं. पूर्वी 'कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल' हा त्रिपाठ असे; पुष्कळ प्रकल्पांत अजूनही आहे. हार्फबझ आता मेसन वापरते, आणि मेसन कामाची यादी करून ती निंजा नावाच्या दुसऱ्या साधनाकडे सोपवते. पायथनची पॅकेजं उतरवून देणाऱ्या पिप या साधनातून नवं मेसन घेतलं. पुन्हा सुरुवात.

मग ते म्हणालं, फ्रीटाइप सापडत नाही. फ्रीटाइप म्हणजे फाँटमधला आकार स्क्रीनवर ठिपक्यांनी उमटवणारी लायब्ररी. ती माझ्याकडे नाही? ती नसती तर मला ही तक्रारसुद्धा वाचता आली नसती! होती, पण वापरायपुरती होती. दुसऱ्या प्रोग्रामला तिच्याशी जोडून घ्यायचं तर तिच्या हेडर फाइली लागतात: कोणतं फंक्शन आहे, त्याला काय द्यायचं, ते काय परत देतं. सदरा अंगात असला म्हणून त्याची मापं आपल्याकडे असतात असं नाही. ती शिंप्याच्या वहीत असतात. उबुंटूत ही मापं नावाच्या शेवटी 'डेव्ह' लावलेल्या वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवतात. ते घेतलं. त्याच्याबरोबर एक चिमुकली मजकुराची फाइल आली, तीत फ्रीटाइपचा पत्ता आणि आवृत्ती लिहिलेली. मेसन शोधत होतं ती ही चिठ्ठी.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. फ्रीटाइप आणि हार्फबझ यांच्यात बरीच वर्षं एक गाठ आहे. हार्फबझला फ्रीटाइपची जोड लागते, आणि फ्रीटाइपला अक्षरांची कड आपोआप नीट बसवण्याच्या कामात हार्फबझची मदत हवी असते. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही. दोन्ही कोरी बिल्ड करायची तर आधी फ्रीटाइप हार्फबझविना बांधायची, तिच्यावर हार्फबझ बांधायची, आणि मग फ्रीटाइप पुन्हा एकदा हार्फबझसह. मला हे करावं लागलं नाही, कारण फ्रीटाइप तयारच होती. पण कोणीतरी कधीतरी हे तीन फेरे घालून ठेवलेत, म्हणून तुमच्याआमच्या मशीनवर दोघी सुखानं नांदतात.

मेसननं शेवटी एक यादी छापली. काय सापडलं, काय नाही. मी ती न वाचता निंजा चालवला. फाइलीमागून फाइल कंपाईल होत गेली, कंसातला आकडा सरकत राहिला, पंखा घरघरला, चहा झाला. संपलं. आणि बघतो तर मला जे अवजार हवं होतं, शब्दाचं चित्र काढून दाखवणारं एचबी-व्ह्यू, ते बनलेलंच नाही. वर सरकवून यादी वाचली: 'कैरो: नो'. चित्र काढायला कैरो नावाची लायब्ररी लागते, तिची मापं नव्हती. मेसननं कुरकुर न करता तेवढं काम गाळून बाकीचं पूर्ण केलं होतं. घरात एखादी वस्तू आणायची राहिली की आईही न सांगता त्यावाचून स्वयंपाक उरकते, तसं. ती यादी वाचायची असते हे मी तेव्हापासून विसरलेलो नाही. कैरोचं डेव्ह पॅकेज घेतलं, मेसन पुन्हा, निंजा पुन्हा.

नंतर टेस्ट. तयार पॅकेज घेणारा माणूस हे दालन कधी पाहत नाही, आणि मला तर तेच सर्वांत मोलाचं वाटलं. हार्फबझच्या सोर्सबरोबर शेकडो छोट्या परीक्षा येतात: अमुक फाँट, अमुक अक्षरांचा क्रम, आणि त्यातून अमुकच आकार निघाले पाहिजेत. त्यांत 'इंडिक', म्हणजे भारतीय लिप्यांच्या, नावानं सुरू होणाऱ्या फाइली आहेत. एक 'इंडिक-जॉइनर्स' म्हणून. जॉइनर म्हणजे न दिसणारं चिन्ह, रुंदी शून्य, काम फक्त शेजारच्या अक्षरांना कसं जोडायचं ते सांगणं. त्या फाइलीवर माझी नजर गेली आणि पुढेही गेली. थांबायला हवं होतं, हे अर्ध्या तासानं कळलं.

इन्स्टॉल करताना मी एक गोष्ट जपून केली आणि ती बरोबरच होती असं आजही वाटतं. नवी लायब्ररी सगळ्या सिस्टिमसाठी न ठेवता घरच्या फोल्डरमध्ये ठेवली. हार्फबझ बिघडली तर मेन्यूसकट सगळ्याच खिडक्यांतली अक्षरं जातात. मग दुरुस्तीची आज्ञा वाचायची कशी?

पण घरात ठेवलेलं सामान घरच्यांना सापडायला हवं. हार्फबझबरोबरच बनलेलं एचबी-शेप हे दुसरं अवजार पहिल्यांदा चालवलं तर उत्तर: 'अनडिफाइन्ड सिम्बॉल'. अवजार नवं, आणि ते कामासाठी जाऊन उभं राहिलं जुन्या लायब्ररीच्या दारात. तिच्याकडे ते फंक्शनच नव्हतं. एलडीडी या आज्ञेनं प्रोग्राम कोणाकोणाच्या दारात जातो ते दिसतं. तिथे सरळ सिस्टिमचा जुना पत्ता होता. लायब्ररी शोधायच्या वाटेत माझ्या घरचा पत्ता आधी लावला, आणि चाललं. दोन्ही लायब्रऱ्यांच्या नावाशेवटी एकच आकडा आहे, शून्य. मला आधी ही गफलत वाटली. मग समजलं की तो शब्द पाळल्याची खूण आहे. बाहेरच्या प्रोग्रामांशी ठरलेला करार मोडला की तो आकडा वाढवायचा असतो. हार्फबझनं आतून इतकं बदलूनही तो वाढवलेला नाही. म्हणून जुना प्रोग्राम नव्या लायब्ररीवर पुन्हा बिल्ड न करता चालतो.

रात्रीचा एक वाजला होता. मी फाँट दिला आणि 'वऱ्हाड' लिहिलं.

एचबी-शेप चित्र काढत नाही. कोणता आकार, कोणत्या क्रमानं आणि मूळ मजकुरातल्या कितव्या अक्षरापासून आला, ते एका ओळीत सांगतं. ओळीत पाच आकार आले: व, मग अर्धा ऱ, मग ह, काना, ड. मग साधा र घालून 'वर्हाड' दिलं. पुन्हा पाचच आकार, पण आता व नंतर थेट ह, मग काना, आणि काना ओलांडून त्याच्याही पलीकडे रफार. मामांची छत्री मला पहिल्यांदा तिथे दिसली, आकार म्हणून नव्हे, निर्णय म्हणून. फाइलीत ह च्या आधी असलेला र लायब्ररीनं उचलून दोन घरं पुढे नेऊन ठेवला होता. नियमाप्रमाणे, अगदी बरोबर.

मग जुनी लायब्ररी लावून तेच शब्द दिले. उत्तर तेच. जुनीही बरोबर होती.

बराच वेळ मी नुसता बसलो. इतक्या खटाटोपानंतर दोषी निर्दोष सुटला होता. मग उठून जे आधी करायला हवं होतं ते केलं: प्रूफच्या फाइलीतला चुकलेला 'वऱ्हाड' उचलून त्यातले आकडे एकेक करून बघितले. व. र. हलन्त. ह. साधा र होता, ऱ नव्हता. म्हणजे लायब्ररीला मिळालं तेच तिनं मांडलं. पण ज्या शब्दात हा र होता तो टाइप केला होता मामांच्या नातीनं, आणि तिच्या स्क्रीनवर तो बरोबर दिसत होता हे मी स्वतः पाहिलं होतं. तिची मूळ फाइल उघडली. व. र. हलन्त. आणि मग एक आकडा, ज्याचं स्क्रीनवर काहीच दिसत नाही: २००डी. शून्य रुंदीचा जोडक. इंडिक-जॉइनर्स!

अर्धा ऱ लिहायच्या दोन वाटा आहेत. एक ऱ या स्वतंत्र अक्षराची, युनिकोडमधला, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना आकडे देणाऱ्या मानकातला, क्रमांक ०९३१. त्याला हलन्त दिला की पापणी मिळते. दुसरी साध्या र ला हलन्त देऊन पुढे तो न दिसणारा जोडक ठेवायची. युनिकोडच्या मानकात देवनागरीच्या प्रकरणात दोन्ही नियम शेजारी शेजारी लिहिलेले आहेत. दुसरी वाट युनिकोडच्या २.० आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ठेवलेली. मी फोनवर टाइप करत होतो, माझा कीबोर्ड ऱ देत होता. नात कॉम्प्युटरवर एक किल्ली जास्त दाबून जोडक घालायला शिकली होती. दोघांचं बरोबर. दोघांचं दिसायला सारखं. आणि दोन्ही फाइली एकत्र करताना मी एक छोटी आज्ञा चालवली होती, 'न दिसणारी सगळी चिन्हं काढून टाक' म्हणून, कारण इकडून तिकडून चिकटवलेल्या मजकुरात असला कचरा फार येतो. त्या आज्ञेनं नातीचा प्रत्येक जोडक कचरा समजून झाडून टाकला. त्या छत्र्या मीच उघडल्या होत्या.

कोणी म्हणेल, मग बिल्ड कशाला केलंस? जुन्या पॅकेजमधलं एचबी-शेपही हेच सांगू शकलं असतं. शकलं असतं. पण त्या रात्रीपूर्वी असं काही विचारता येतं हेच मला ठाऊक नव्हतं. अक्षर चुकलं की फाँट बदलून बघायचा, नाहीतर प्रोग्राम बदलायचा, एवढंच माझं ज्ञान. सोर्स उतरवला म्हणून त्यातली परीक्षांची खोली दिसली, म्हणून जॉइनर हा शब्द डोक्यात राहिला. दुसऱ्या दिवशी मी त्याच सोर्समधली इंडिक लिप्यांची फाइलही वाचायला घेतली. सगळी कळली नाही. पण सुरुवातीलाच र आणि हलन्त असेल आणि पुढे व्यंजन असेल तर तो र मुख्य अक्षर होण्याच्या शर्यतीतून बाद, हा नियम कोडमध्ये लिहिलेला वाचला, आणि तिसरीत बाईंनी फळ्यावर 'सूर्य' लिहून रफार समजावला होता तो तास आठवला. तीच गोष्ट. फक्त इथे ती यंत्राला समजेल अशा काटेकोर भाषेत होती, आणि जगातल्या प्रत्येक 'सूर्या'साठी लागू होती. मात्रा एकटीच आली, आधाराला व्यंजन नाही, तर ठिपक्यांचं वर्तुळ काढून त्यावर मात्रा ठेवायची, हाही नियम तिथेच. आपल्याला स्क्रीनवर दिसणारं ते वर्तुळ म्हणजे लायब्ररी सांगत असते की इथे काहीतरी हरवलंय.

तिथेच आणखी एक लाभ झाला. एचबी-शेपला मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगता येतं. सांगून बघितलं, आणि फाँटमधले ल आणि श बदलले: पाकळीचा ल, देठाचा श, शासनाच्या २००९ च्या निर्णयात मराठीसाठी ठरवून दिलेले. तोवर आमच्या पुस्तकात हिंदी वळणाचे ल आणि श होते. मामांनी त्यावर खूण केली नव्हती, पण त्यांच्या हातचे ल पाकळीचेच आहेत. पुस्तकाच्या फाइलीत भाषा एका ओळीत जाहीर करायची राहिली होती. केली.

जोडक परत आणणं सोपं होतं, नातीच्या मूळ फाइली शाबूत होत्या. पण मी जोडक ठेवले नाहीत. त्यांच्या जागी सगळीकडे स्वतंत्र ऱ घातला. दिसायला एकच असले तरी शोधताना ते दोन वेगळे शब्द ठरतात. 'पऱ्हाटी' शोधणाऱ्याला निम्म्याच पऱ्हाटी सापडल्या असत्या. शब्दकोशात हे चालणार नाही. शिवाय छपाईच्या आज्ञेआधी एक छोटी परीक्षा लावली, हार्फबझच्या परीक्षांचं बघून: वऱ्हाड, पऱ्हाटी, गोऱ्हा, कुऱ्हाड, गाऱ्हाणं. पाचांपैकी एकातही रफार आला तर पुढचं काम थांबतं.

दुसरं प्रूफ गावी गेलं आणि आठ दिवसांनी परत आलं. मी आधी लाल रंगच शोधला. पानं उलटत गेलो, समास कोरे. चौतिसाव्या पानावर एक खूण होती. गोल 'गोऱ्हा'भोवती. छातीत धस्स झालं, पण अक्षर ठीक होतं. समासात मामांनी लिहिलं होतं, "इकडे म्हणतात तो अर्थ बरोबर. पन दर्यापूरकडे थोडा निराळा ऐकला व्हता. विचारून सांगतो. थांबवून ठेव."

थांबवून ठेवलंय.